स्थळाची चौकशी

सत्त्याण्णव सालची गोष्ट. कपिलला सांगून आलेल्या मुलीचे मामा साताऱ्याहून न कळवता कुपवाडला आले आणि थेट त्याच्या घरमालकिणीच्या, अकिलाचाचींच्या, ओसरीवर टेकले. पोराची खरी चाल घरमालकालाच ठाऊक, म्हणून सोयरीक जुळवण्याआधी तिथंच विचारायची आपल्याकडची रीत. माडीच्या जिन्यात उभ्या कपिलच्या तोंडचं पाणी पळालं. आठच दिवसांपूर्वी चाची ईदचा शिरखुर्मा घेऊन वर आल्या, तेव्हा तो आणि त्याच्या खोलीतला प्रबुद्ध एकमेकांच्या मिठीत होते. चाची उंबऱ्यातूनच मागं फिरल्या होत्या, आणि त्यावर अजून अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

आता चाची खरं बोलल्या तर कपिलचा बाप त्याला जिता सोडणार नव्हता. खोटं बोलल्या तर साताऱ्याच्या त्या पोरीच्या जन्माचं मातेरं होणार होतं.

"पोरगा कसा हाय, चाची? दारूबिरू? पोरीबाळींची भानगड?"

"तौबा! पोरींकडं मान वर करून बगत न्हाई."

"मग ठरलं म्हना! येत्या आयतवारी सुपारी फोडतो."

माडीवरून जिन्यात उतरलेल्या प्रबुद्धनं कपिलचा हात धरला.

"आवं पाव्हणं, जरा दमानं," चाची म्हणाल्या, "पोरगा सोन्यासारखा हाय, पर तुमी लय उशीर केलासा."



"उशीर? त्यो कसा?" मामांनी विचारलं.

"त्येचं लगीन झालंय. माझ्याच माडीवर संसार हाय त्येंचा."