हिवाळी ताप

मिनेसोटातल्या त्या घरात कपडे वाळवायचा ड्रायर दर हिवाळ्यात प्रमाणाबाहेर तापायचा. ड्वेननं फ्यूज बदलला, थर्मोस्टॅट बदलला, शेवटी ड्रायरच बदलला. नवाही तापला. आग लागेल या धास्तीनं तो थंडीभर तळघरात ड्रायरपाशी ठाण मांडून बसायचा आणि बसल्या बसल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घालायचा. मार्चमध्ये ड्रायर आपोआप बरा व्हायचा.

"हल्ली मालच भिकार येतो गं," असं बायकोला, मार्लिसला सांगून तो बर्फ उपसायला बाहेर पडला. नेहमीसारखा फावडं भरभरून भिंतीकडे फेकू लागला. ड्रायरची गरम हवा जिथून बाहेर पडते, बरोब्बर त्या झडपेवर.

अकरा हिवाळे मार्लिस हे खिडकीतून बघत होती. तिनं खिडकी उघडली.

"तिथंच टाक हं, ड्वेन. आणि लवकर आटप, आज चादरी आहेत."