लाल शाईच्या ओळी

हवालदाराने ढवळे मास्तरांचा संगणक कापडात गुंडाळून लाखेचं सील मारलं आणि पंच म्हणून शेजारच्या येसबांना सहीला बोलावलं. ब्लॉगवर सरकारविरुद्ध लिहिल्याचा ठपका मास्तरांवर होता आणि त्यांना ठाण्यात न्यायला गाडी दारात उभी होती.

येसबांनी मास्तरांच्या लेखांचे छापील कागद चाळले. कुणा साहेबाने ओळ न् ओळ लाल शाईने अधोरेखित केली होती. येसबांच्या पोटात दुखलं. पन्नाशीत याच मास्तरांकडून अक्षरं शिकून तेही सहा वर्षं ब्लॉग लिहीत होते, चौकातल्या सरकारी कॅमेऱ्यांना भोचक सासू म्हणत होते. त्यांनी सही केली आणि खाली आपल्या ब्लॉगचं नाव लिहिलं.

“हे काय, आबा?” हवालदाराने विचारलं.

“साहेबांना दाखवा. मास्तर गुळमुळीत लिहितात, मी सडकून लिहितो.”

“अहो, तुमचा वाचतोच आम्ही. साहेब चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवतात. सगळं ठाणं खो खो हसतं.”

“मग मला कधी नेणार?”

“तुम्हाला नेलं तर लिहिणार कोण? पुढचा लेख तेवढा लवकर टाका.”

येसबांचा चेहरा पडला. गाडीत चढता चढता मास्तर मात्र थबकले.

“येसबा, मला पुढचा लेख आजवर एकानंही मागितला नाही हो.”