डावीकडची तिसरी बरगडी

"इथंच दुखतं?" डॉक्टरबाईंनी एक बोट टेकवलं आणि वायरमन टेबलावरून अर्धा उठला.

"इथंच. डावीकडची तिसरी. पाठ झालीय आता मला."

"हृदय ठणठणीत आहे तुमचं. चौथ्यांदा सांगतेय. तेव्हा छाती दाबताना बरगडी मोडली होती. हाड जुळलं, पण पुढचा सांधा अजून सुजलेला आहे. शेक घ्या, जपून वाका आणि वाट बघा."

"किती?"

"दोन-तीन महिने. कदाचित जास्तही."

तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. डोकं नुसतं तापलं होतं.

चार महिन्यांपूर्वी एका इमारतीच्या तळघरात पंपाची वायर जोडताना त्याला शॉक बसला आणि हृदय बंद पडलं. शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात. छाती दाबून दाबून त्याला परत आणलं होतं. हे काम ॲम्ब्युलन्सवाल्यांचंच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. शिंक आली की कळ डोक्यात जायची आणि तो त्यांचा उद्धार करायचा. माणूस दाबत होते की गादी कुटत होते, कोण जाणे.

दुखण्यापेक्षा लोकांनी त्याला जास्त पिडलं होतं. ज्यांना हृदयाचं दुखणं वाटायचं, ते त्याला काचेच्या भांड्यासारखं वागवायचे. बायको पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नव्हती. "अहो, राहू द्या ना," एवढंच दिवसभर. आणि हृदयाचं नाही म्हटलं की बाकीच्यांचा रसच संपायचा. "मग काही नाही," म्हणून लोक मोकळे. काही नाही! कूस बदलता येत नव्हती, ओला टॉवेल पिळता येत नव्हता, हात वर करून ड्रिल धरायचं तर नावच काढायला नको. छताला हात न लावणारा वायरमन कोणाला हवा असतो?

पण खरी आग वेगळीच होती. त्याचा जोडीदार एकदाही भेटायला आला नव्हता.

एकोणीस वर्षं दोघं बरोबर काम करत होते. जोडीदाराच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला असायचा, म्हणून त्याला सगळे टेस्टरच म्हणत. त्यांच्या धंद्यात साधा नियम आहे. वायरीला हात लावणाऱ्यानं फ्यूज स्वतः काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. सुरुवातीची काही वर्षं दोघांनी तो पाळला. मग इतका विश्वास बसला की नुसतं ओरडून विचारायचे, "पाडला का रे स्विच?" त्या दिवशीही वायरमननं तसंच विचारलं. टेस्टर "हो" म्हणाला. तळघरात दोन पंप होते. टेस्टरनं शेजारच्या पंपाचा स्विच पाडला होता.

चूक तर चूक. पण चार महिने तोंड लपवायचं? फोन उचलायचा नाही? आज त्याला गाठायचाच आणि तोंडाचा पट्टा सोडायचा, असं ठरवून वायरमन निघाला. टेस्टरनं लाइनचं काम सोडलंय, एका दुकानात पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरतोय, एवढं कानावर आलं होतं.

दुकान तिसऱ्या मजल्यावर निघालं. प्रत्येक पायरीला बरगडी आठवण करून देत होती. दारात पोचेपर्यंत त्याला धाप लागली, आणि रस्ताभर जुळवलेल्या शिव्या जिन्यातच राहिल्या.

टेस्टर खिडकीशी बसून तांब्याची तार गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं आणि हात थांबले. वाळला होता बराच.

"चार महिने," वायरमन म्हणाला. "मेलो की जगलो, तेही बघावंसं वाटलं नाही तुला?"

"चूक माझी होती. शेजारचा स्विच पाडला मी."

"ते माहितीय मला. फ्यूज मी तरी कुठं खिशात घेतला होता? स्विचचं नाही विचारत मी. आला का नाहीस?"

टेस्टर पुन्हा तार गुंडाळू लागला. त्यामुळे वायरमनचं आणखी डोकं फिरलं. राग कुठंतरी काढायला हवाच होता.

"इथं श्वास घेता येत नाही मला. त्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पिंजरा खिळखिळा करून ठेवलाय. हात होते की हातोडे? एकदा भेटू दे त्यातला कोणी, सोडत नाही त्याला."

"ॲम्ब्युलन्स पंधरा मिनिटांनी आली," टेस्टर हळूच म्हणाला.

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. वायरमनला त्या पंधरा मिनिटांचा हिशोब लागायला जरा वेळ लागला.

"मग दाबलं कोणी?"

टेस्टर स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"तुझी बरगडी कडकन मोडली, ती ह्या हाताखाली. अजून ऐकू येते. त्यानंतर तुझ्यासमोर यायची हिंमतच झाली नाही." तो थांबला, मग एका दमात म्हणाला, "वॉचमन मागं ओढत होता मला. म्हणाला, सोड आता, गेला तो, मेलेल्या माणसाची हाडं कशाला मोडतोस? मी म्हटलं, मोडू देत. मला शिव्या घालायला तरी येईल तो."