परवान्याचं झाड

आईच्या कॅन्सरच्या वेदनांसाठी सरकारने परवान्यावर दिलेलं गांजाचं झाड ती गेल्यावरही गॅलरीत वाढत होतं. त्याची सरकारी कुंडी माणसाच्या श्वासावरून आजार ओळखायची. कुंडी सरकारकडे परत जाईपर्यंत हेमांगीला घराला कुलूप लावायची मुभा नव्हती.

"आईचं केलं, त्याचं काही नाही. पण आता या झाडाची कैदी झालेय, साहेब."

"आज सुटाल, ताई," निरीक्षक घोलप हसले. "फक्त फुंकर घाला. घरात रुग्ण नाही अशी कुंडीची खात्री पटली, की उपटतो."

तिने फुंकर घातली. कुंडीवरची अक्षरं वाचून घोलपांनी खुरपं पिशवीत ठेवलं.

"अजून आईच आठवत असेल कुंडीला," हेमांगी म्हणाली.

"श्वास तुमचाच आहे, ताई," ते हळूच म्हणाले. "झाड राहू द्या. तुम्हाला लागेल."