पांढरा चेहरा

बाबांचा एक तरी फोटो घरात असावा, म्हणून शैलजाने जुना कॅमेरा विकत घेतला. पण प्रत्येक फोटोत त्यांचा चेहरा तेवढा पांढराफटक येत होता. दुरुस्तीच्या दुकानात मुजावरचाचांनी त्यातल्या एका फोटोचे एक्स्पोजर उतरवून पाहिले. मागची भिंत काळवंडली, चेहरा पांढराच राहिला.

"कॅमेरा ठणठणीत आहे, ताई. बाबांनी यंदाची चेहरा-परवानगी दिली नाही का?"

"त्यासाठी परवानगीच्या यंत्रासमोर तीनदा डोळे मिटावे लागतात, चाचा. लकव्यानंतर त्यांना ते जमत नाही."

"म्हणजे कायदा त्यांची अब्रू राखतोय," चाचा कोरडेपणाने म्हणाले. "त्वचेखाली रक्त वाहताना दिसले, की कॅमेरा परवानगी शोधतो. मृतांना अब्रू असते, हे कायद्याला मान्य नाही. त्यांचे फोटो स्वच्छ येतात."

शैलजाने कॅमेरा परत केला नाही. रोज सकाळी खिडकी उघडून ती झोपलेल्या बाबांचा एक फोटो काढी, तो पांढरा डाग पाही आणि निश्चिंत मनाने चहा ठेवी.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी फोटो निर्दोष आला. आदल्या दिवशी दाढी करताना तिच्या हातून हनुवटीवर राहून गेलेले दोन केससुद्धा त्यात स्पष्ट दिसत होते.