घरचं कार्ड

नोटीस पुन्हा एकदा वाचून योगेशनं ती टेबलावर आपटली. "कोण आहे हा हरामखोर, ते शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

"आधी पाणी पी," व्हीलचेअरवरून बाबा म्हणाले.

प्रकरण साधंच होतं. बाणेरच्या ऑफिसात लिफ्टला लागून अपंगांसाठी राखीव जागा होती. बाबांच्या नावाचं अपंग पार्किंगचं कार्ड काचेवर लावून योगेश रोज तिथं ऐटीत गाडी लावायचा आणि शीळ घालत लिफ्ट गाठायचा. बाबा तेव्हा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत असायचे. कुणीतरी तक्रार ठोकली. अपंगांची सवलत लबाडीनं लाटली म्हणे. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी चौकशीची सुनावणी. तक्रारदाराचं नाव त्याच्याच विनंतीवरून सुनावणीपर्यंत गुप्त.

आणि पुढच्या महिन्यात कंपनी योगेशला अमेरिकेला धाडणार होती! गुन्हा नोंदला गेला की व्हिसा बोंबलला. ज्यासाठी रात्रीचा दिवस केला, ते सगळं एका पार्किंगपायी पाण्यात.

"तुमच्या रेशनकार्डावर अख्खं घर जेवलं ना, बाबा? मग या कार्डानंच काय घोडं मारलंय?"

"रेशनकार्डावर तुझं नाव होतं."

योगेशनं कपाळाला हात लावला. कारखान्यातल्या अपघातात बाबांचे, म्हणजे बद्रीनाथरावांचे, पाय गेले, पण यवतमाळहून आणलेला हेका काही गेला नाही.

नोटिशीसोबत फोटो होते. गाडी, नंबर, कार्ड आणि लिफ्टकडे चाललेला योगेश. सगळे एकाच दिवशी, कमरेच्या उंचीवरून काढलेले. म्हणजे काढणारा गाड्यांआड वाकून बसला असणार, असं योगेशनं ठरवून टाकलं. आणि हे काम कुणी करवून घेतलं, तेही ठरवलं. दीपमालानं.

दीपमाला टेस्टिंगच्या टीममध्ये होती, कुबड्या घेऊन चालायची. राखीव जागा योगेशनं अडवलेली, म्हणून तिला आपली स्कूटर पार तळघरात लावून उतार चढून यावं लागे. दिवाळीच्या आधी ती त्याच उतारावर पडली, मनगट मोडलं. योगेशनं घरी जेवताना ती बातमी सांगितली होती. बाबांनी अर्धी पोळी तशीच ताटात ठेवली होती.

त्यानं तिला कँटीनमध्ये गाठलं. "मॅडम, तक्रार मागे घ्या. पाहिजे तर जागा सोडतो."

"आपण जागा सोडणार? केवढं ते मोठं मन!" दीपमाला चहा ढवळत म्हणाली. "पण तक्रार मी केलेलीच नाही. करायला हवी होती, आळस केला."

योगेशचा काडीइतकाही विश्वास बसला नाही.

वकील यज्ञेश्वर देव यांनी फोटो बघितले आणि चष्मा पुसला. "वाट एकच आहे. त्या दिवशी वडील तुमच्याबरोबर आले होते, पुढं गेले, म्हणून फोटोत नाहीत. ते स्वतः येऊन सांगतील तर तक्रार तिथंच आडवी."

आता खरी कसोटी होती. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! पण योगेश हटणारा नव्हता. त्या रात्री तो बाबांच्या पलंगाशी बसला. "बाबा, माझ्यासाठी एवढंच करा. त्या दिवशी तुम्ही तिथं होता, एवढंच सांगायचं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तिथं होतो, एवढंच?"

"एवढंच."

"सांगतो ना बाप्पा. काहून नाही सांगणार?"

योगेशचा जीव भांड्यात पडला. शेवटी बाप तो बापच, त्याच्या मनात आलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

सुनावणीच्या दिवशी सोसायटीच्या गेटवर रिक्षावाल्या बजरंगनं हात केला. "काका, आज माझी रिक्षा नको?"

"आज पोरगा नेतोय," बाबा म्हणाले.

सरकारी कार्यालयात राखीव जागेत गाडी लावताना योगेशची छाती फुगली. आज कार्डाचा धनी गाडीत होता. त्यानं बाबांना जपून व्हीलचेअरवर बसवलं, आत नेलं, आणि बाबांनी नेहमीसारखा खट्‌कन ब्रेक लावला.

खोलीत दीपमाला नव्हती. "घाबरली," योगेश वकिलांच्या कानात कुजबुजला. देव गालात हसले.

अधिकारी बाईंनी फाइल उघडली. "तक्रारदार आलेत का?"

योगेश दाराकडे बघू लागला. दारात कुणी नव्हतं.

शेजारी खट्‌ असा आवाज झाला. बाबांनी ब्रेक काढला, आपल्या हातांनी चाकं फिरवत खुर्ची टेबलापुढं नेली आणि मोबाइल बाईंसमोर ठेवला.

"हजर आहे, मॅडम," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मी तिथंच होतो."