अर्धी पळी

सकाळी अकराला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की मुलीच्या यकृतावरची चरबी सहा महिन्यांत कमी झालेली नाही. वाढली आहे.

मुलगी तेरा वर्षांची. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा.

"घरात कुणी थेंबाला शिवत नाही," आई म्हणाली, "आणि पोरीचं लिव्हर दारुड्यासारखं."

"याचा दारूशी संबंध नाही, हे मागेच बोललो आपण. बंद करायला सांगितलं होतं, ते केलं?"

"केलं," मुलगी म्हणाली. "बिस्किटं, चॉकलेट, कोल्ड्रिंक. वाढदिवसाचा केक मी नुसता कापला आणि वाटला."

"मग काय हवा खाऊन वाढलं?" आईने विचारलं. "चोरून खाते ही, डॉक्टर. रोज दप्तर तपासते मी, पण काही सापडत नाही. अट्टल आहे."

"आई, खरंच नाही गं."

"मशीन खोटं बोलतं मग?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावरचं सुटलेलं रेक्झिन ते नखाने दाबून बसवत होते.

"आणखी काय जातं पोटात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या दुकानातला फळांचा रस, रोज एक ग्लास. बिनसाखरेचा," आई म्हणाली. "हे स्वतः काढून वर पाठवतात."

"तोही बंद. फळ चावून खायचं." डॉक्टरीणबाई बाबांकडे वळल्या. "बिनसाखरेचाच ना?"

"हो," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाळा, हे असंच चाललं तर यकृत कडक होत जाईल. आत्ता आवरलं तर पुन्हा नीट होऊ शकतं. पण तू खरं सांगायला हवंस."

घर वर, रसाचं दुकान खाली. परतल्यावर आई जिना चढून गेली. मुलगी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून राहिली. बाबांनी शटर उघडलं, मिक्सर धुतला. पहिलं गिऱ्हाईक आलं.

"अननस. साखर नको."

बाबांनी ग्लास घेतला, पाकाच्या पातेल्यातून अर्धी पळी त्यात सोडली आणि वरून रस ओतला. हात थांबला नाही, की नजर वळली नाही.

गिऱ्हाईक प्यायलं. "गोड आहे हो अननस."

"माल चांगला आहे," बाबा म्हणाले.

गिऱ्हाईक गेल्यावर मुलगी म्हणाली, "त्यांनी साखर नको म्हटलं होतं."

"अर्धीच पळी घातली. नको म्हणणाऱ्याला अर्धी. नुसता रस एकदा पितात लोक, पुन्हा इकडे फिरकत नाहीत."

मुलगी पातेल्याकडे बघत राहिली.

"माझ्यात?"

बाबांनी ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"पहिल्या दिवशी तुझा ग्लास तसाच परत आला होता. म्हटलं, पोरीचं सगळंच तोडलंय, निदान एवढं तरी…"

"मग तिथे का नाही बोललास?"

"बोलणार होतो." त्यांनी फडकं पिळलं. "आईला एवढ्यात काही सांगू नकोस, माऊ. मी बघतो."

वरून आईची हाक आली. दोघं वर गेले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाला नवं कुलूप होतं. आईने किल्ली बाबांच्या हातावर ठेवली.

"तुमच्याकडेच असू दे. मला ही गुंडाळेल. तुमच्याशी खोटं बोलायची नाही."

संध्याकाळी दुकान बंद झालं, जेवणं झाली. मुलीने काही सांगितलेलं नव्हतं. बाबांनीही नाही. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.